हॅरी पॉटरच्या मंत्रांची व्युत्पत्ती कशी लावायची: टप्प्याटप्प्याने

छडीच्या टोकाला उजेड करणारा मंत्र 'लुमोस' म्हणजे 'लूमेन' (प्रकाश) अधिक 'ओस'. लॅटिनमध्ये 'ओस' म्हणजे तोंड. म्हणून लुमोस म्हणजे 'प्रकाशाचं मुख'. ही फोड वाचायला झकास आहे आणि साफ चुकीची आहे. हॅरी पॉटरच्या मंत्रांविषयी मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, त्यात अशा फोडी ढिगाने सापडतात. जोडीला 'क्रुशिओ म्हणजे आपला क्रूरच की' अशी संस्कृतकडची ओढाताणही असते.

गफलत होते ती बहुतेक वेळा क्रमाची. मंत्राने काय घडतं हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तो अर्थ मनात धरून आपण शोधायला बसतो, आणि मनासारखा शब्द कुठल्या ना कुठल्या भाषेत मिळतोच. खरं तर अर्थ शेवटी आणायचा असतो. आधी मंत्राचं ठिकाण, मग स्पेलिंग, मग अख्खा शब्द, मग तुकडे, मग व्याकरण, त्यानंतर लेखिकेचं म्हणणं आणि सगळ्यात शेवटी संस्कृत. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

## बसण्याआधीची तयारी

मूळ इंग्रजी आवृत्ती हवीच. अनुवाद वाचायला कितीही गोड असला तरी मंत्राच्या स्पेलिंगचा पुरावा म्हणून तो चालत नाही, कारण देवनागरीत आलेला शब्द हा उच्चाराचा अंदाज असतो.

लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश घ्या. टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. ग्रीकसाठी लिडेल-स्कॉट तिथेच मिळेल. इंग्रजीसाठी व्युत्पत्ती देणारा कुठलाही भरवशाचा कोश चालेल. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन यांचे खिशात मावणारे कोश पुरतात. यादी एवढी लांब का, तर जे. के. रोलिंग यांनी एक्सेटर विद्यापीठात फ्रेंच आणि ग्रीक-रोमन अभिजात साहित्य हे विषय घेतले होते आणि पुढे पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात इंग्रजी शिकवलं. त्यांच्या हाताशी असलेल्या भाषा आपल्याही हाताशी हव्यात. संस्कृतसाठी मोनिअर-विल्यम्स यांचा संस्कृत-इंग्रजी कोश.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात: लॅटिन नामांच्या विभक्त्या आणि क्रियापदांची रूपं यांचा तक्ता. तो छापून शेजारी ठेवा. तक्त्याशिवाय पाचवा टप्पा होत नाही, आणि पाचवा टप्पा गाळून केलेलं काम म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

नोंदींसाठी वही किंवा एक्सेलचा तक्ता करा. रकाने असे: मूळ स्पेलिंग, कुठे आला, अख्खा शब्द कोशात आहे का, तुकडे, उरलेली अक्षरं, व्याकरण, लेखिकेचं विधान, खात्री. 'उरलेली अक्षरं' हा रकाना कुणीच ठेवत नाही, आणि खोट्या फोडी तिथेच पकडल्या जातात.

सावध: भाषांतर करणाऱ्या यंत्रात मंत्र टाकून 'लॅटिनमधून मराठी' असं विचारू नका. भाषेत नसलेल्या शब्दालाही यंत्र काहीतरी उत्तर देतंच. चाहत्यांच्या याद्यांचंही तसंच. दहा याद्यांत एकच फोड दिसली म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. नऊजणांनी एकाची उतरवून घेतलेली असते.

## १. मंत्र नेमका कुठला, ते ठरवा

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायच्या.

पहिली, मंत्राचं नाव आणि मंत्राचे शब्द. 'क्रुशिएटस' हे शापाचं नाव आहे, तोंडाने म्हणायचं ते 'क्रुशिओ'. 'पेट्रोनस' हे रक्षकाचं नाव, मंत्र 'एक्स्पेक्टो पेट्रोनम'. 'इम्पीरिअस' आणि 'इम्पेरिओ' यांची जोडी तशीच. नावाला जी व्युत्पत्ती लागते तीच मंत्राला जशीच्या तशी लावली की व्याकरणाचा घोळ होतो, कारण दोन्हींचे शेवट वेगळे आहेत.

दुसरी, पुस्तकातला मंत्र आणि पडद्यावरचा मंत्र. २००४ च्या तिसऱ्या चित्रपटात हर्मायनी 'बोंबार्डा' म्हणते. पुस्तकात तो मंत्र नाही. दुसऱ्या चित्रपटात कोळ्यांवर वापरलेला 'अरानिया एक्झुमाय' हाही पुस्तकात नाही. असे मंत्र घ्यायला हरकत नाही, पण 'लेखिका फ्रेंच शिकली होती, म्हणून…' हा युक्तिवाद त्यांना लागू होत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी घडवलेले आहेत.

तपासा: 'कुठे आला' या रकान्यात पुस्तकाचं नाव आणि प्रकरण, किंवा निदान चित्रपटाचं नाव, लिहिता येतंय का? येत नसेल तर तो मंत्र बाजूला ठेवा.

## २. स्पेलिंग अक्षर-अक्षर लिहून काढा

मराठी वाचकाची पहिली ठेच इथेच लागते. आपण मंत्र ऐकतो किंवा देवनागरीत वाचतो, आणि त्या उच्चारावरून शोध सुरू करतो. उदाहरणार्थ, वस्तू हवेतून आपल्याकडे खेचून आणणारा मंत्र. चित्रपटात तो 'अ‍ॅकिओ' असा ऐकू येतो. आपल्याकडे कुणी 'अ‍ॅक्सिओ' म्हणतं, कुणी 'असिओ'. पहिल्यावरून कुणी 'अ‍ॅक्शन' आणेल, दुसऱ्यावरून 'अ‍ॅक्सिस', तिसऱ्यावरून आणखी काही. स्पेलिंग आहे ए-सी-सी-आय-ओ. मध्ये दोन सी आहेत. अभिजात लॅटिनमध्ये सी म्हणजे नेहमी 'क', म्हणून हा शब्द 'अक्किओ'. आता कोश उघडता येतो.

देवनागरीत काय काय हरवतं ते एकदा लक्षात घ्या: जोडाक्षरातली दोन अक्षरं एक होतात, सी-के-क्यू सगळे 'क' होतात, एस आणि सी कधी एकसारखे होतात. बोगार्टला (समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते त्याचं रूप घेणाऱ्या प्राण्याला) हास्यास्पद करून टाकणारा मंत्र देवनागरीत 'रिडिक्युलस' असा साधाच दिसतो. मुळात त्यात दोन डी आहेत आणि सीच्या जागी के. म्हणजे लॅटिन 'रिदिकुलुस' (हसण्याजोगा) हा शब्द घेऊन त्याचं स्पेलिंग मुद्दाम वेडंवाकडं केलं आहे. हे वेडंवाकडेपण नोंदीत यायला हवं, आणि ते फक्त मूळ अक्षरांतच दिसतं.

सावध: चित्रपटातला उच्चार हा नटांचा आणि दिग्दर्शकाचा निर्णय असतो. त्यावरून 'मूळ' ठरवू नका.

## ३. अख्खा शब्द कोशात आहे का ते आधी पाहा

फोड करायची घाई नको. बरेच मंत्र फोडायची गरजच नसते.

लॅटिन कोशात क्रियापद कुठल्या रूपात दिलेलं असतं हे माहीत असलं की निम्मं काम होतं. संस्कृत कोशात आपण धातू शोधतो, मराठीत 'करणे' शोधतो. लॅटिनमध्ये शोधायचं ते वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचन, म्हणजे 'मी करतो' हे रूप, आणि ते बहुधा 'ओ'ने संपतं. मंत्र म्हणणारा माणूस 'मी अमुक करतो' असंच म्हणत असल्याने काही मंत्र थेट कोशातच मिळतात:

- अक्किओ: मी बोलावून घेतो
- क्रुकिओ: मी यातना देतो (मंत्राचा इंग्रजी उच्चार 'क्रुशिओ')
- प्रोतेगो: मी झाकतो, रक्षण करतो
- रेपारो: मी दुरुस्त करतो, पूर्ववत करतो
- डिफिन्दो: मी चिरतो, दुभागतो

नाम असेल तर तेही सरळ मिळतं. दिवा मालवायचा 'नॉक्स' म्हणजे लॅटिनमधली रात्र. यात फोडण्यासारखं काहीच नाही. तरीही 'नो' अधिक 'एक्स' अशी फोड करून दाखवणारे भेटतात.

लॅटिनमध्ये शब्द मिळाला नाही तर ग्रीक कोश, मग फ्रेंच-स्पॅनिश-पोर्तुगीज-इटालियन, मग इंग्रजी. 'एपिस्की' हा लहानसहान जखमा बऱ्या करणारा मंत्र लॅटिनमध्ये शोधत बसलात तर दिवस जाईल. ग्रीकमध्ये दुरुस्तीला 'एपिस्केवी' म्हणतात. घशात अडकलेलं मोकळं करणारा 'अनाप्निओ' हाही ग्रीक, श्वास घेण्याच्या क्रियापदाचा. 'सिलेन्सिओ' लॅटिन वाटतो, पण सीने लिहिलेलं ते स्पेलिंग स्पॅनिशचं आहे. लॅटिनमध्ये तिथे टी येतो. 'ऑब्लिव्हिएट'च्या शेवटचा '-एट' हा इंग्रजी क्रियापदांचा ओळखीचा शेवट आहे, 'क्रिएट', 'डिक्टेट'मधला. लॅटिनमध्ये विसरण्याचं क्रियापद 'ओब्लिविस्कोर' असं आहे, त्याचं असं रूप होत नाही. आणि 'स्कर्जिफाय'? घासूनपुसून काढणं या अर्थाच्या इंग्रजी 'स्कावर'ला लावलेलं '-इफाय' हे शेपूट. प्रत्येक मंत्र लॅटिनच असला पाहिजे असा हट्ट असेल तर हे सगळे निसटतात.

तपासा: कोशात शब्द मिळाला तर कोशाने दिलेला अर्थ आणि पुस्तकातला परिणाम, दोन्ही शेजारी शेजारी लिहा. जुळत नसतील तर जुळवू नका. आहे तसं लिहा.

## ४. तुकडे करा, आणि उरलेलं उघड्यावर ठेवा

अख्खा शब्द मिळाला नाही तरच फोड. नियम दोनच. एक, प्रत्येक तुकडा कुठल्या तरी कोशात दाखवता आला पाहिजे. दोन, उरलेली अक्षरं ओढूनताणून खपवायची नाहीत.

'लुमोस' घ्या. लॅटिन 'लूमेन' म्हणजे प्रकाश. त्याचं अंग 'लूमिन-'. मंत्रात त्यातलं 'लुम' दिसतं, पुढे 'ओस' उरतं. आता 'ओस' कोशात पाहिलं तर दोन शब्द मिळतात: दीर्घ स्वराचा 'ओस' म्हणजे तोंड आणि ऱ्हस्व स्वराचा 'ओस' म्हणजे हाड. प्रकाशाचं तोंड, प्रकाशाचं हाड, काहीही करता येतं. म्हणूनच करायचं नाही. उरलेल्या रकान्यात 'ओस: लॅटिनसारखा भासणारा शेवट, स्वतंत्र अर्थ नाही' एवढं लिहून पुढे जायचं.

'एक्स्पेलिआर्मस' हा दुसऱ्या पुस्तकात, १९९८ साली आलेला मंत्र त्याहून फसवा आहे. पहिला तुकडा सरळ: 'एक्सपेल्लो', मी हाकलून देतो. दुसरा तुकडा 'आर्मस'. कोशात 'आर्मुस' हा शब्द आहे बरं का, आणि त्याचा अर्थ खांदा! अक्षरं शंभर टक्के जुळतात. उत्साही माणूस इथेच थांबतो आणि 'खांद्यापासून हात झटकून टाकणे' असा अर्थ लिहून मोकळा होतो. पण मंत्राने समोरच्याची छडी हातातून उडते. तिथे 'आर्मा' म्हणजे शस्त्रं हा शब्द बसतो, आणि 'उस' हा शेवट नुसती लॅटिन झूल. अक्षरं तंतोतंत जुळणारा शब्द नेहमीच बरोबर नसतो, आणि अर्थ जुळणाराही नसतो. दोन्ही पर्याय नोंदवायचे, त्यातला कुठला धरला आणि का, ते एका वाक्यात लिहायचं. इथे कारण देता येतं: कथेत हा मंत्र निःशस्त्र करण्याचा मंत्र म्हणूनच ओळखला जातो.

मिश्र भाषेचे मंत्र वेगळे ठेवा. 'विंगार्डियम लेव्हिओसा'त इंग्रजी 'विंग' (पंख) आहे, लॅटिन 'आर्दुउस' (उंच, चढणीचा) असावा आणि 'लेविस' (हलका) आहे. 'लेव्हिओसा'चा 'ओसा' हा शेवट लॅटिनमध्ये 'अमुकने भरलेली' अशा अर्थाच्या विशेषणांना लागतो, पण 'लेविओसुस' असा शब्द लॅटिनमध्ये नाही. म्हणजे साचा खरा, शब्द घडवलेला. हर्मायनी रॉनचा उच्चार सुधारते तो हाच मंत्र. 'गार' लांब ओढायला सांगते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्या लांबीला काही आधार नाही, तो विनोद आहे. विनोदाला पुरावा समजू नका.

'अग्वामेन्टी' या पाण्याच्या मंत्राचंही तसंच. 'आग्वा' हे स्पॅनिश. लॅटिनमध्ये क्यूने लिहितात, 'आक्वा'. पुढच्या 'मेन्टी'साठी 'मेन्स' (मन) सुचवणारे आहेत. मला ते पटत नाही, पण वेगळं काही ठामपणे सांगताही येत नाही. नोंदीत तिथे प्रश्नचिन्ह राहील.

सावध: एका मंत्राचे तीनपेक्षा जास्त तुकडे होत असतील आणि तीन वेगवेगळ्या भाषा लागत असतील, तर तुम्ही बहुधा शोधत नसून रचत आहात.

## ५. व्याकरण लावून पाहा

आता तो तक्ता काढा. या टप्प्यात दोन-तीन मंत्र मात्र बारकाईने करायला हवेत, बाकीचे पटापट होतात.

'एक्स्पेक्टो पेट्रोनम'. इंग्रजी 'एक्स्पेक्ट'मुळे लोक याचा अर्थ 'मी अपेक्षा करतो' असा घेतात आणि पुढे जातात. काहीजण 'पेक्तुस' म्हणजे छाती आणतात, 'छातीतून निघालेला रक्षक'. कोशात पाहा: 'एक्सस्पेक्तो' म्हणजे मी वाट पाहतो. (अभिजात स्पेलिंगमध्ये एक्सनंतर एस असतो, नंतरच्या लिखाणात तो बऱ्याचदा गळतो, म्हणून बिचकू नका.) दुसरा शब्द 'पात्रोनुस', आश्रय देणारा, रक्षणकर्ता. मंत्रात तो 'पात्रोनुम' असा आहे, म्हणजे द्वितीया एकवचन. 'मी रक्षणकर्त्याची वाट पाहतो.' क्रियापद प्रथमपुरुषी, कर्म द्वितीयेत, कुठे काही खटकत नाही. एवढं शुद्ध लॅटिन वाक्य या मंत्रांत क्वचितच सापडतं, आणि ते सापडल्यावर छातीची फोड आपोआप गळून पडते.

'इम्पेरिओ' तिसऱ्या टप्प्यातल्या 'ओ'कारान्त क्रियापदांसारखा दिसतो. पण 'मी हुकूम करतो' याला लॅटिन शब्द 'इम्पेरो', त्यात आय नाही. 'इम्पेरिओ' हे 'इम्पेरिउम' (सत्ता, हुकमत) या नामाचं चतुर्थी किंवा पंचमी-तृतीयेचं रूप होतं, साधारण 'हुकमतीने'. आग लावणारा 'इन्सेन्डिओ' अगदी तसाच: 'मी पेटवतो' म्हणजे 'इन्केन्दो', आणि मंत्रातलं रूप 'इन्केन्दिउम' (आग) या नामाचं. तिन्ही अक्षम्य शापांची (क्रुशिओ, इम्पेरिओ आणि अवाडा केडाव्रा) यादी देताना 'क्रुशिओ आणि इम्पेरिओ ही दोन्ही क्रियापदं' असं सर्रास लिहिलेलं दिसतं. क्रुशिओ आहे, इम्पेरिओ नाही.

'फिनिटे इन्कँटाटेम'मध्ये अर्धं वाक्य पास, अर्धं नापास. 'फिनीते' हे आज्ञार्थाचं अनेकवचन, 'संपवा'. मंत्रोच्चाराला शब्द 'इन्कान्तातिओ', त्याची द्वितीया 'इन्कान्तातिओनेम'. मंत्रात मधली अक्षरं गळली आहेत. याला चूक म्हणायचं की सोय, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. लेखिका लॅटिनचा पेपर सोडवत नव्हती. नोंदीत 'रूप नियमाप्रमाणे नाही' एवढं पुरे.

तपासा: प्रत्येक नोंदीत व्याकरणाच्या रकान्यात तीनपैकी एक शेरा हवा: शुद्ध रूप, खऱ्या शब्दाचं बिघडवलेलं रूप, किंवा घडवलेला शब्द.

## ६. लेखिकेचं म्हणणं आता वाचा

मुद्दाम इतक्या उशिरा. आधी वाचलं तर पुढचे सगळे टप्पे ते सिद्ध करण्यात जातात.

लेखिका काय सांगू शकते? 'हा शब्द मी कुठून उचलला.' त्याबाबत तिचा शब्द अखेरचा. पण तो शब्द त्याआधी कुठून आला, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तिथे लेखिकाही आपल्यासारखीच वाचक असते. हे दोन प्रश्न दोन ओळींत लिहा.

कुलूप उघडणारा 'अलोहोमोरा' हे याचं नमुनेदार उदाहरण. चाहत्यांची जुनी फोड: हवाई बेटांवरचं 'अलोहा' (भेटताना आणि निरोप घेतानाही म्हणतात) आणि लॅटिन 'मोरा' (विलंब, खोळंबा). म्हणजे 'अडथळ्या, रामराम!' फोड इतकी देखणी की कुणाला शंकाच आली नाही. २००८ मध्ये एका अनधिकृत हॅरी पॉटर कोशावरून न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला चालला. त्यात साक्ष देताना रोलिंग यांनी सांगितलं की हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या 'सिडिकी'तला, भविष्य पाहण्याच्या आकृतीविद्येतला आहे आणि त्याचा अर्थ 'चोरांना अनुकूल' असा आहे. झालं, अलोहाची फोड बाद. चौथ्या टप्प्यात ती टिकली असती हे लक्षात घ्या: दोन्ही तुकडे कोशात मिळतात, उरलेलं अक्षर एकही नाही, एक स्वर तेवढा बदलतो. म्हणून हा टप्पा गाळता येत नाही.

पण काम इथे संपत नाही. आकृत्यांवरून भविष्य सांगण्याची 'सिकिदी' नावाची पद्धत (साक्षीतली 'सिडिकी' बहुधा हीच) मादागास्करमध्ये आहे, आणि ते बेट आफ्रिकेच्या पूर्वेला आहे. सिकिदीत सोळा आकृत्या असतात आणि त्यांतली बरीच नावं अरबीतून आलेली आहेत. म्हणजे 'कुठून उचलला' याचं उत्तर साक्षीत मिळालं. 'त्याआधी कुठून' याचा माग मात्र मालागासी आणि अरबीकडे न्यावा लागेल. 'पश्चिम आफ्रिकी शब्द' एवढं लिहून रकाना बंद करू नका.

जीव घेणाऱ्या 'अवाडा केडाव्रा' या शापाचं तसंच. २००४ मध्ये एडिंबरोच्या ग्रंथमहोत्सवात रोलिंग म्हणाल्या की हा अरामी भाषेतला जुना मंत्र आहे, 'अब्राकाडाब्रा'चं मूळ, अर्थ 'ही गोष्ट नष्ट होवो', आणि ती गोष्ट म्हणजे रोग. त्यांनी तो माणसाला लावला. ही झाली पहिली ओळ. दुसरी ओळ: 'अब्राकाडाब्रा' लिखित स्वरूपात आढळतो तो सेरेनुस सामोनिकुस याच्या लॅटिन वैद्यकीय काव्यात. तापावर उतारा म्हणून तो शब्द ओळीओळीला एक अक्षर कमी करत त्रिकोणात लिहायचा आणि गळ्यात बांधायचा. शब्दाचं अरामी मूळ मात्र अभ्यासकांत सर्वमान्य नाही; 'मी बोलतो तसं घडवतो' ही दुसरी अरामी फोडही तितकीच फिरते. शिवाय 'केडाव्रा'त लॅटिन 'कादावेर' (प्रेत) ऐकू येतं. तो ध्वनीचा परिणाम म्हणून वेगळा लिहा, व्युत्पत्ती म्हणून नाही.

सावध: लेखिकेचं विधान लिहिताना वर्ष आणि प्रसंग लिहा. 'रोलिंग यांनी म्हटलं आहे' एवढंच असलेली वाक्यं बहुतेकदा कुणीतरी कुणाच्या तरी तोंडी घातलेली असतात.

## ७. संस्कृत शेवटी, आणि नियमाने

आपल्याकडचा सगळ्यात लाडका टप्पा, म्हणून शेवटी. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. त्यांच्यात सगोत्र शब्द पुष्कळ आहेत. पण सगोत्र म्हणजे 'संस्कृतमधून आला' नव्हे. दोन्ही शब्द एका जुन्या मूळ भाषेतून आपापल्या वाटेने आले. वाक्य लिहिताना 'वरून' आणि 'शी सगोत्र' यांत गल्लत नको.

दिसणं आणि नातं यांचा फारसा संबंध नसतो. 'क्रुशिओ' बघा. आवाज क्रूरसारखा, अर्थ क्रूर कृत्याचा, पुढे इंग्रजी 'क्रुएल'ही तसाच. आणि खरोखरच 'क्रुएल' आणि 'क्रूर' यांचं नातं आहे: लॅटिन 'क्रुओर' म्हणजे सांडलेलं रक्त, संस्कृत 'क्रविस्' म्हणजे कच्चं मांस, सगळे एका मुळाचे. पण 'क्रुकिओ' त्या घराण्यातला नाहीच. तो 'क्रुक्स' म्हणजे वधस्तंभ, क्रूस, यावरून आला. क्रुसावर चढवणं, मग यातना देणं. आवाज जुळला, अर्थ जुळला, शेजारी नातंही सापडलं, तरी हा शब्द परकाच. हे कळतं ते फक्त तिसऱ्या टप्प्यात कोशातली नोंद शेवटपर्यंत वाचली असेल तर.

उलट 'लूमेन' आणि 'रुच्' दिसायला काहीच लागत नाहीत. पण लॅटिनच्या 'ल'समोर संस्कृतमध्ये 'र' येणं नेहमीचं आहे, आणि 'लूमेन', 'लुक्स' यांचं मूळ तेच जे संस्कृत 'रोचते' (चमकतो) याचं. त्याच 'रुच्'वरून 'रुक्म' म्हणजे सोनं, त्यावरून रुक्मिणी, आणि तिची आपली रखुमाई. लुमोस आणि रखुमाई यांच्यात धागा आहे, तो दाखवता येतो. 'लुमोस हा मंत्र रखुमाईवरून घेतला' असं कुणी लिहिलं की मात्र कपाळाला हात लावायचा.

खात्रीने सांगता येतील असे आणखी काही: 'नॉक्स' आणि 'नक्त' (एकभुक्त-नक्त करणाऱ्या आज्या अजून आहेत), 'लेविस' आणि 'लघु', साप काढणाऱ्या 'सर्पेन्सॉर्शिया'तला 'सेर्पेन्स' आणि 'सर्प', दात वाढवणाऱ्या 'डेन्सॉगिओ'तला 'देन्स' आणि 'दन्त', 'पात्रोनुस'मधला 'पातेर' आणि 'पितृ'. दाव्याआधी एक कसोटी लावा: तोच ध्वनिबदल दुसऱ्या तीन-चार शब्दांत दाखवता येतो का? लॅटिन 'फ' समोर संस्कृत 'भ' हवा असेल तर 'फ्रातेर'-'भ्राता', 'फेरो'-'भरामि' अशी रांग उभी करता येते. रांग उभी राहत नसेल तर दावा सोडा. आणि 'देउस'-'देव' हे नातं खरं असलं तरी ग्रीक 'थेओस' त्यात ओढू नका. तो वेगळ्या मुळाचा आहे.

तपासा: सगोत्र शब्दाची नोंद मंत्राच्या व्युत्पत्तीच्या खाली, वेगळ्या ओळीत आहे ना? वरच्या ओळीत गेली असेल तर वाचक ती उगम म्हणूनच वाचणार.

## ८. खात्रीची पायरी लावून नोंद लिहा

चार पायऱ्या पुरतात: निश्चित, बहुधा, तर्क, अनिर्णित. 'निश्चित' फक्त तेव्हाच, जेव्हा अख्खा शब्द कोशात त्याच रूपात आहे किंवा लेखिकेने प्रसंगासह सांगितलं आहे. माझ्या मते चांगल्या यादीत 'बहुधा' सगळ्यात जास्त असतात. सगळीकडे 'निश्चित' दिसलं की मी ती यादी बंद करतो.

नमुन्यादाखल सहाव्या पुस्तकातला (२००५) एक मंत्र पूर्ण करून दाखवतो:

सेक्टमसेम्प्रा. अख्खा शब्द: कोशात नाही. तुकडे: 'सेक्तुम', लॅटिन 'सेको' (मी कापतो) याचं भूतकाळवाचक विशेषण, 'कापलेलं', 'सेम्पेर', 'नेहमी, कायम'. उरलेलं: शेवटचा 'आ', आणि 'सेम्पेर'मधला गळलेला 'ए'. व्याकरण: पहिला तुकडा शुद्ध रूप, दुसरा बिघडवलेला. कथेतला परिणाम: खोल जखमा; या मंत्राने तुटलेला जॉर्जचा (रॉनच्या भावाचा) कान पुन्हा लावता येत नाही, म्हणून 'कायम' बसतो. लेखिकेचं विधान: सापडेपर्यंत रिकामं. सगोत्र: नोंदवलेलं नाही. खात्री: बहुधा.

'सेम्प्रा'च्या जोडीला दुसऱ्या पुस्तकातला गुदगुल्यांचा 'रिक्टुसेम्प्रा' तपासा. तिथे 'रिक्तुस' (वासलेलं तोंड) आणि तोच शेवट आहे. एकच तुकडा दोन मंत्रांत सापडला की पहिल्या फोडीला बळ मिळतं. म्हणून यादी करताना मंत्र वर्णानुक्रमे न घेता सारख्या शेवटांचे एकत्र घ्या: 'ओ'वाले, 'उस'वाले, 'सेम्प्रा'वाले, 'कॉर्पस'वाले. 'लेव्हिकॉर्पस' आणि 'लिबेराकॉर्पस' शेजारी ठेवले की पहिला उचलतो आणि दुसरा सोडवतो हे कोश न उघडताही दिसतं. कोश उघडायचा तो 'लिबेरा' हा शुद्ध आज्ञार्थ आहे आणि 'लेव्हि' नाही, एवढं पाहायला.